ढालीचा कोपरा आणि ढालीचे भाग : हेराल्ड्रीतला कँटन

शिलेदार (धागाकर्ता)

युरोपातल्या हेराल्ड्रीवर, म्हणजे घराण्यांच्या आणि शहरांच्या ढालींवरच्या चिन्हांच्या शास्त्रावर, मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात सिंह, गरुड आणि मुकुट यांनाच सगळी जागा मिळते. ढाल विभागली कशी आहे इकडे कुणी वळत नाही. वळलंच तर दिसेल त्या चौकोनाला 'क्वार्टर', म्हणजे ढालीचा चौथा हिस्सा, म्हणून पुढे जातात. म्हणून हा धागा फक्त विभागणीचा, आणि त्यातही कोपऱ्यातल्या चौकोनाचा, म्हणजे कँटनचा.

आधी दिशा. उजवं-डावं धरायचं ते ढाल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं. वर्णनात 'उजवा' असलेला भाग चित्रात आपल्या डाव्या हाताला दिसतो. धाग्यात सगळीकडे हाच अर्थ घेऊ.

आता मुद्दा. ढालीवर थर असतात. सगळ्यात खाली जमीन. ती एका रंगाची असेल किंवा विभागलेली असेल. विभागणी ही जमिनीचीच असते, तिथे कशावर काही ठेवलेलं नसतं. त्यावर मोठे पट्टे येतात: माथ्याचा आडवा पट्टा म्हणजे चीफ, मधला आडवा फेस, मधला उभा पेल, तिरका बेंड, कैचीसारखा शेव्हरॉन, क्रॉस आणि फुलीसारखा सॉल्टायर. मग चिन्हं. आणि जवळजवळ सगळ्यांच्या वर कँटन. तो उजव्या माथ्याच्या कोपऱ्यात बसतो आणि खाली जे असेल ते झाकतो. विभागणी म्हणजे जमीन, कँटन म्हणजे वर ठेवलेली वस्तू. माप, रंगाचा नियम आणि वर्णनाचा क्रम हे तिन्ही याच फरकातून निघतात.

विभागणीचे मुख्य प्रकार आणि त्यात कोणता रंग आधी सांगायचा, ते असं:

उभी दुभंग: आधी उजवा. आडवी दुभंग: आधी वरचा. तिरकी दुभंग: आधी वरचा, मग रेघ कोणत्याही बाजूने उतरो. कैचीसारखी: आधी वरचा. चौभंग: पहिला रंग १ आणि ४ या घरांत, दुसरा २ आणि ३ मध्ये, घरं ओळीने मोजायची, वरची ओळ आधी, प्रत्येक ओळ उजवीकडून. फुलीसारखी: पहिला रंग माथ्याला आणि तळाला, दुसरा दोन्ही कुशींना. पट्ट्यापट्ट्यांची जमीन असेल तर आडव्यात वरून आणि उभ्यात उजवीकडून सुरुवात. पट्ट्यांची संख्या सम असली तरच ती 'पट्टेदार जमीन'. एकूण सात पट्टे मोजलेत, चार एका रंगाचे आणि तीन दुसऱ्या, तर ती पट्टेदार जमीन नाही. ती एकरंगी जमीन आणि तिच्यावर तीन पट्टे. नवख्या वर्णनांत इथेच सगळ्यात जास्त चूक होते.

---

राधिका_म

छान विषय. एक शंका: कँटन म्हणजे ढालीचा एक नवमांश, असं काही पुस्तकं ठामपणे म्हणतात. पण जुन्या शिक्क्यांवर आणि हस्तलिखितांत तो सरळसरळ चतुर्थांश दिसतो. मग कँटन आणि क्वार्टर हे दोन वेगळे प्रकार आहेत, की एकच गोष्ट पुढे आकसत गेली?

---

शिलेदार

राधिकाताई, आकसत गेली. तेराव्या शतकात दोन्हींत भेद नव्हता. फ्रेंचमध्ये आजही दोन्हींना 'फ्रां-कार्तिए' हा शब्द चालतो. पुढे ढालीवर चिन्हांची गर्दी वाढली. कोपऱ्यातल्या चौकोनाने चिन्ह झाकू नये म्हणून चित्रकार तो लहान काढू लागले. एक नवमांश हा आकडा नंतरच्या ग्रंथकारांनी हिशेब जुळवायला दिलेला आहे. तो दिशा दाखवतो, त्याला कायदा मानू नये.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचं. द्र्यो घराण्याचा प्येर मोक्लेर्क याने १२१३ मध्ये ब्रिटनीच्या वारसदार अलिक्सशी लग्न केलं आणि तो तिथला ड्यूक झाला. द्र्यो घराण्याची ढाल सोनेरी-निळ्या चौकटींची. त्याच्या ढालीवर तांबडी किनार आणि उजव्या कोपऱ्यात अर्मिनचा चौकोन. अर्मिन म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं कातड्याचं नक्षीकाम. घराण्यातल्या इतरांपासून आपली ढाल वेगळी दिसावी एवढ्याचसाठी हा चौकोन होता. पुढे १३१६ मध्ये ड्यूक तिसरा जाँ याने चौकटी आणि किनार दोन्ही टाकली आणि पूर्ण ढाल अर्मिनची केली. आज ब्रिटनीच्या झेंड्यावर अर्मिनचे जे काळे ठिपके दिसतात, त्यांचा उगम त्या कोपऱ्यातल्या चौकोनात आहे. कोपरा वाढून ढाल झाल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

या ढालीत थरांचा क्रमही दिसतो. किनार ढालीभोवती फिरते, पण कोपऱ्यात पोचल्यावर कँटनखाली जाते. कँटनभोवती वळसा घालत नाही.

उलट बाजूचं उदाहरण द व्हेर घराण्याचं, म्हणजे ऑक्सफर्डच्या अर्लांचं. ढाल तांबड्या-सोनेरी रंगात चौभंग, आणि पहिल्या घरात रुपेरी चांदणी. इथे पहिलं घर ही जमीन आहे, चांदणी तिच्यावर ठेवली आहे. लांबून पाहणाऱ्याला हा 'तांबड्या कँटनवर चांदणी' वाटेल. चौथं घरही तांबडं आहे हे पाहिलं की उलगडा होतो. समोरासमोरची दोन घरं एका रंगाची असतील तर विभागणी, कोपरा एकटाच असेल तर कँटन किंवा क्वार्टर.

---

रेखाटन

मापांबद्दल. मी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जी ढाल आधार म्हणून घेतो तिचे आकडे देतो. कुठल्याही व्हेक्टर प्रणालीत किंवा कागदावर कंपासने हीच रचना जमते.

रुंदी ६०० धरा. वरची कड (०,०) ते (६००,०). दोन्ही बाजू सरळ खाली २०० पर्यंत. मग कंपासचं टोक (०,२००) वर ठेवून ६०० त्रिज्येचा कंस (६००,२००) पासून खाली ओढा. टोक (६००,२००) वर ठेवून तसाच दुसरा कंस (०,२००) पासून. दोन्ही कंस (३००,७२०) ला भेटतात. काटेकोर सांगायचं तर ७१९.६ ला. ढालीचं क्षेत्रफळ सुमारे ३,४१,१०० चौरस एकक.

आता गंमत पाहा. आडवी दुभंग करायची म्हणून बहुतेक जण उंचीच्या निम्म्यावर, ३६० वर रेघ मारतात. ढाल खाली निमुळती असल्याने वरचा भाग मोठा होतो आणि खालचा भाग कोपऱ्यात ढकलल्यासारखा दिसतो. क्षेत्रफळ समान हवं असेल तर रेघ २८५ वर येते. चौभंग करतानाही आडवी रेघ २८५ वरच ठेवा. मग वरचं घर ३०० गुणिले २८५, म्हणजे ८५,५०० होतं आणि पूर्ण ढालीच्या चौथ्या हिश्शाला अगदी जवळ जातं.

तिभंग आडवी: रेघा २४० आणि ४८० वर मारू नका, १९० आणि ३८५ वर मारा. तिभंग उभी मात्र २००-२००-२०० अशीच ठेवतात. मधला भाग टोकापर्यंत जात असल्यामुळे मोठा होतो, तरी डोळ्याला ते खटकत नाही.

तिरकी दुभंग: (०,०) पासून ४५ अंशांत रेघ काढली की ती समोरच्या कंसाला (५१२,५१२) ला मिळते. दोन्ही भाग जवळजवळ समान होतात, ४९ आणि ५१ टक्के. कोपऱ्यातून थेट टोकाकडे रेघ ओढणारे लोक पाहिलेत. त्याने तिरकी दुभंग उभी दिसायला लागते.

फुली: दोन्ही कोपऱ्यांतून ४५ अंश, छेद (३००,३००). याच छेदातून उभी आणि आडवी रेघ घेतली की आठ पाकळ्यांची जमीन तयार होते. स्कॉटलंडच्या कॅम्बेल घराण्याची सोनेरी-काळी ढाल तीच.

कँटन: नवमांश क्षेत्रफळ म्हणजे १९५ बाजूचा चौरस. रिकामा, एकरंगी असेल तर १८० ही पुरे. त्यात चिन्ह बसवायचं असेल तर २१० ते २२० पर्यंत न्या, पण २४० ओलांडू नका. पुढे तो क्वार्टर वाटू लागतो.

एक तांत्रिक सूचना. दोन भाग शेजारी-शेजारी कापून ठेवले की मधे केसाएवढी पांढरी फट दिसते, विशेषतः पडद्यावर. पूर्ण ढाल आधी पहिल्या रंगात भरा, दुसऱ्या रंगाचा तुकडा वर ठेवा आणि सगळं ढालीच्या आकाराने क्लिप करा. फट राहत नाही.

---

तांबट_आळी

रेखाटन, २८५ चा आकडा उपयोगी आहे. पण एक पुरवणी. आडव्या दुभंगाच्या खालच्या भागात एकच मोठं चिन्ह बसवायचं असेल तर रेघ आणखी वर, २७० पर्यंत सरकवावी लागते. टोकाकडची जागा क्षेत्रफळात मोजली जाते, पण चिन्हाला ती वापरता येत नाही.

आणि विभागणीची रेघ सरळ नसेल तर? दातेरी, लाटांची, किल्ल्याच्या तटासारखी अशा रेघा असतात. ६०० रुंदीवर पाच ते सात दात पुरेत. बारा-पंधरा काढले की लहान आकारात त्या रेघेची करवत होते आणि दातेरी रेघ लाटांच्या रेघेपासून ओळखू येत नाही. तटाची रेघ आडव्या पट्ट्याला लावली असेल तर बुरूज फक्त वरच्या कडेला काढायचे. खालच्या कडेलाही हवे असतील तर वर्णनात ते वेगळं सांगावं लागतं. ज्याला एनग्रेल्ड म्हणतात त्या महिरपीची टोकं पट्ट्यातून बाहेर, जमिनीकडे जातात. इन्व्हेक्टेडमध्ये उलट, फुगीर बाजू बाहेर. ही अदलाबदल छापील चित्रांतही सर्रास दिसते.

---

सुलेखा

रंगाचा नियम कँटनला कसा लागू होतो? धातूवर धातू नको, रंगावर रंग नको हे माहीत आहे. धातू म्हणजे सोनेरी आणि रुपेरी. रंग म्हणजे तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा. पण कँटनच्या बाबतीत हा नियम मोडलेला वारंवार दिसतो.

---

शिलेदार

नियम 'वर ठेवण्याचा' आहे. विभागणीत दोन भाग शेजारी असतात, कुणी कुणावर नसतं, म्हणून निळा-तांबडा दुभंग नियमात बसतो. शक्यतो एक धातू आणि एक रंग घ्यावा हे खरं. पण ते लांबून ओळखू यावं म्हणून, सक्ती म्हणून नव्हे.

कँटन वर ठेवलेला असल्यामुळे साध्या कँटनला नियम लागू होतो. सूट मिळते ती सन्मान म्हणून दिलेल्या कँटनला. राजाने स्वतःच्या चिन्हाचा तुकडा दिला तर त्याचे रंग बदलता येत नाहीत, मग खालची जमीन कोणतीही असो.

फ्रेंचांनी आणखी एक वाट काढली. पॅरिस शहराच्या ढालीवर तांबड्या जमिनीवर रुपेरी जहाज आहे, आणि माथ्याला निळा चीफ, त्यावर सोनेरी लिली. तांबड्यावर निळा, म्हणजे रंगावर रंग. अशा वेळी ते वर्णनात 'शिवलेला' असं विशेषण लावतात: हा पट्टा वर ठेवलेला नाही, जमिनीला जोडून शिवलेला आहे. म्हणजे त्याला वस्तूच्या थरातून काढून जमिनीच्या थरात बसवला. नियमाचं मूळ थरांत आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

---

राधिका_म

कँटन आणि आडवा पट्टा एकाच रंगाचे असले तर? वुडव्हिल घराण्याची ढाल मी दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी पाहिली आहे.

---

तांबट_आळी

इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डची राणी एलिझाबेथ वुडव्हिल हिचं ते घराणं. रुपेरी जमीन, तांबडा फेस आणि तांबडा कँटन, दोन्ही जोडलेले. दोघांमध्ये रेघ काढायची नाही. दोन्ही एकसंध तांबडा आकार होतात. काळी बाह्यरेषा वापरत असाल तर ती दोघांच्या एकत्रित आकाराभोवती फिरवा. मधे रेघ ठेवली तर ते फेसवर ठेवलेलं वेगळं कँटन होतं. दुसरी चूक म्हणजे कँटन लहान ठेवून दोघांमध्ये पांढरी पट्टी सोडणं. अशा रचनेत कँटनची उंची फेस ठरवतो. रेखाटन यांच्या ढालीत फेस २३० ते ३५० असा घेतला तर कँटन बरोबर २३० पर्यंत उतरला पाहिजे, मग नवमांश विसरायचा.

---

पारसनीस_वाडा

सन्मानाच्या कँटनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो.

इंग्लंडमध्ये यादवी युद्धानंतर दुसऱ्या चार्ल्सने निष्ठावंतांना असे कँटन दिले. सर विन्स्टन चर्चिल, म्हणजे मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकचे वडील, यांच्या काळ्या ढालीवर रुपेरी सिंह होता. त्यावर रुपेरी कँटन आणि कँटनवर तांबडा क्रॉस आला. चित्रकाराची खरी परीक्षा इथे आहे. मागच्या पायांवर उभा सिंह उजवीकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याचं डोकं आणि उचललेला पंजा नेमका कँटनच्या जागी येतो. दोन्ही रुपेरी असल्याने एकमेकांना चिकटले की डोकं कँटनमध्ये विरघळतं. सिंह थोडा डावीकडे आणि खाली घ्यायचा, कँटन १९० च्या आत ठेवायचा आणि दोघांमध्ये काळ्या जमिनीची स्पष्ट पट्टी सोडायची.

वूस्टरच्या १६५१ च्या पराभवानंतर चार्ल्सला निसटायला मदत करणाऱ्या लेन घराण्याला तांबड्या कँटनवर इंग्लंडचे तीन सोनेरी सिंह मिळाले. तीन आडवे सिंह १९५ च्या चौरसात एकाखाली एक बसवायचे तर प्रत्येकाला जेमतेम ५५ उंची मिळते. शेपट्यांचं नक्षीकाम कमी करा, नाहीतर लहान आकारात नुसते पिवळे डाग दिसतात.

नेपोलियनच्या व्यवस्थेत कँटन हुद्दा सांगत असे. काउंटांना उजव्या कोपऱ्यात निळा, बॅरनांना डाव्या कोपऱ्यात तांबडा, आणि आत कामाप्रमाणे चिन्ह. लष्करी असेल तर तलवार. ड्यूकांना कँटन नाही. त्यांना तांबडा चीफ, त्यावर रुपेरी चांदण्या पेरलेल्या. डाव्या कोपऱ्यातला कँटन दिसला म्हणजे चित्र उलटं छापलंय असं लगेच समजू नका. आधी हे बघा.

आता मुंबई. बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब पहिल्या जेम्सने १६११ मध्ये सुरू केला. त्यासोबत उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरचा तांबडा हात आपल्या ढालीवर लावण्याचा हक्क मिळाला, रुपेरी कँटनवर किंवा लहान रुपेरी ढालीवर. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय हे पहिले भारतीय बॅरोनेट झाले. पुढे पेटिट (१८९०), कावसजी जहांगीर (१९०८), करीमभाई इब्राहिम (१९१०) अशी मुंबईची घराणी त्या यादीत आली. जमशेटजींच्या ढालीवर मुंबईजवळचे घाट, त्यांच्यामागून उगवता सूर्य आणि वर दोन मधमाश्या आहेत. बोधवाक्य 'उद्योग आणि औदार्य' या अर्थाचं. आपला सह्याद्री लंडनच्या हेराल्डांच्या, म्हणजे ढालींची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, दप्तरात नोंदला गेला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

बॅरोनेटचा हात काढताना दोन गोष्टी सांभाळा. हात डावा असतो आणि तळवा समोर असतो. त्यामुळे बोटं वर असताना अंगठा चित्रात आपल्या डावीकडे येतो. अंगठा उजवीकडे गेला की तो उजवा हात झाला, तो अल्स्टरच्या ओनील घराण्याचा. आणि मनगट सरळ कापलेलं दाखवा, फाटलेलं नाही. फाटलेली कड हे हेराल्ड्रीत वेगळं वर्णन आहे.

---

सुलेखा

कँटन की लहान ढाल, हे ठरवायचं कसं?

---

पारसनीस_वाडा

जागेवरून. मुख्य चिन्ह मध्यभागी एकच असेल तर मधली लहान ढाल त्याच्यावर बसते, तिथे कँटन बरा. कोपऱ्यात महत्त्वाचं चिन्ह असेल तर लहान ढाल माथ्याच्या मध्यावर घ्या. चौभंग ढालीत कँटन टाळा. तो पहिलं घर झाकतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की हात फक्त त्या घराण्याचा आहे. पूर्ण ढालीसाठी असेल तर चारही घरं जिथे मिळतात त्या छेदावर लहान ढाल ठेवली की घोटाळा होत नाही.

आणखी एक. पट्ट्याच्या दोन बाजूंना मिळून तीन चांदण्या असलेल्या ढालीवर कँटन आला तर पहिली चांदणी झाकली जाते. वर्णनात मात्र 'तीन चांदण्या' च राहतं. उरलेल्या दोन चांदण्या हलवून मोकळी जागा भरू नका.

साधा, चिन्हाशिवायचा कँटन इंग्लंडमध्ये आणखी एका कामासाठी आहे. रक्ताचं नातं नसताना राजाच्या परवान्याने कुणी एखाद्या घराण्याचं नाव आणि ढाल घेतली, तर त्या ढालीवर असा कँटन भेददर्शक म्हणून लावतात.

---

मांडवीकाठ

गोव्याचं एक उदाहरण जोडतो. पोर्तुगालने १९३५ मध्ये आपल्या सगळ्या वसाहतींसाठी एकाच साच्याच्या ढाली ठरवल्या. ढाल तिभंग, पण रेखाटन यांनी दिलेल्या दोन्ही तिभंगांपेक्षा वेगळी. वरचा भाग उभ्या रेघेने दोन, आणि तळातून एक कमानदार टोक वर चढतं, तो तिसरा. उजव्या भागात पोर्तुगालच्या पाच लहान निळ्या ढाली, तळाच्या भागात पांढऱ्यावर हिरव्या लाटा. हे दोन सगळ्या वसाहतींना सारखेच. डाव्या भागात त्या त्या वसाहतीचं स्वतःचं चिन्ह. आपल्याकडे तिथे दातेरी चाक होतं, संत कॅथरीनचं. अफोंसो दे आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतला तो दिवस संत कॅथरीनच्या सणाचा. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल याच संतिणीच्या नावाचं आहे.

विभागणीचा राजकीय अर्थ इथे उघड आहे. तीन भागांतले दोन लिस्बनचे, एक स्थानिक. कँटनमध्ये हे उलटं असतं: पूर्ण ढाल तुमची, कोपरा सत्तेचा.

काढताना तळाच्या टोकाची कमान आत वळलेली ठेवा, तंबूच्या कनातीसारखी. सरळ रेघा घेतल्या तर ती कैचीची दुभंग होते.

---

सागरगड

कँटन झेंड्यांत कसा आला यावर लिहायलाच हवं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलाचा नवा ध्वज आला. त्यात तांबडा सेंट जॉर्ज क्रॉस गेला. पांढऱ्या जमिनीवर, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा राहिला, आणि फडकत्या बाजूला निळा अष्टकोन आला. त्याची दुहेरी सोनेरी किनार छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. आत नांगरावर भारताचं राजचिन्ह आणि खाली 'शं नो वरुणः'.

जुन्या ध्वजात क्रॉसमुळे जमीन चार भागांत कापलेली होती आणि तिरंगा त्यांतल्या पहिल्या घरात होता. क्रॉस गेल्यावर जमीन अखंड झाली. माझ्या मते आत्ताचा तिरंगा खऱ्या अर्थाने कँटन आहे. आधी तो चौभंगाच्या पहिल्या घरासारखा दिसायचा.

---

शिलेदार

सागरगड, निरीक्षण चांगलं आहे, पण अर्धंच पटतं. क्रॉस ही ठेवलेली वस्तू आहे, विभागणी नाही. त्याच्या चार बाजूंना उरते ती एकच जमीन. म्हणून जुन्या ध्वजातही तिरंगा विभागणीचं घर नव्हता. आधी क्रॉसच्या बाहूंमुळे त्याची जागा बांधलेली होती, आता ती मोकळी झाली, एवढं म्हणता येईल.

झेंड्यांत 'कँटन' शब्द सैल वापरतात हेही लक्षात घ्या. ब्रिटिश पद्धतीच्या निशाणांत कोपऱ्यातला झेंडा पूर्ण निशाणाच्या निम्म्या उंचीचा आणि निम्म्या लांबीचा, म्हणजे चतुर्थांश असतो. हेराल्ड्रीच्या हिशेबात तो क्वार्टर. अमेरिकेच्या झेंड्यात निळ्या कोपऱ्याची उंची तेरापैकी सात पट्ट्यांएवढी आणि लांबी झेंड्याच्या लांबीच्या ०.४; क्षेत्रफळ सुमारे साडेएकवीस टक्के. तोही नवमांशापासून लांबच.

---

रेखाटन

नौदलाच्या ध्वजात काढणाऱ्याला एक अडचण येते. तिरंग्याचा मधला पट्टा पांढरा आणि ध्वजाची जमीनही पांढरी. कँटनची उभी कड फक्त केशरी आणि हिरव्या पट्ट्यांवरून कळते, मधे ती दिसतच नाही. म्हणून काही जण तिथे बारीक राखाडी रेघ काढतात. ती काढू नका, मूळ रचनेत ती नाही. केशरी आणि हिरव्याची टोकं एका ओळीत काटेकोर ठेवली की डोळा कड स्वतः पुरी करतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी कँटन तिरका वाटतो, सगळी काळजी तिथे घ्या.

---

राधिका_म

दोन घराण्यांच्या ढाली एकत्र करताना किनार अर्धवट का सोडतात?

---

तांबट_आळी

नवऱ्याची ढाल उजव्या अर्ध्यात आणि बायकोची डाव्या अर्ध्यात ठेवतात. प्रत्येक ढाल पूर्णच्या पूर्ण, फक्त अरुंद करून बसवायची. किनार असेल तर ती बाहेरच्या कडांनी फिरते आणि मधल्या उभ्या रेघेला थांबते. त्या रेघेने खाली उतरत नाही. हा जुन्या पद्धतीचा अवशेष आहे. पूर्वी ढाली अरुंद न करता अर्ध्या कापून जोडत. त्यातून विचित्र प्राणी तयार झाले. इंग्लंडच्या सिंक पोर्ट्स या बंदरांच्या संघाच्या ढालीवर सिंहांचा पुढचा अर्धा भाग जहाजांच्या मागच्या अर्ध्याला जोडलेला आहे, ग्रेट यार्माउथ शहराच्या ढालीवर सिंहांना हेरिंग माशांच्या शेपट्या आहेत. बेंड आणि शेव्हरॉन अर्धे कापले की ओळखूच येत नाहीत. म्हणून ती पद्धत मागे पडली आणि फक्त किनारीत उरली.

बायको माहेरची वारस असेल, म्हणजे तिला भाऊ नसेल, तर तिची ढाल शेजारी न ठेवता नवऱ्याच्या ढालीच्या मध्यावर लहान करून ठेवतात. पुढे मुलं दोन्ही ढाली चौभंगात घेतात: बापाची १ आणि ४, आईची २ आणि ३. कास्टिल आणि लिओनचा चौभंग तेराव्या शतकातला, तिसऱ्या फर्नांडोच्या वेळचा. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगताना फ्रान्सच्या लिली १ आणि ४ मध्ये घेतल्या आणि आपले सिंह २ आणि ३ मध्ये ठेवले. पहिलं घर मानाचं.

---

सुलेखा

शेवटचं विचारते. शिक्का, पावती किंवा लेझरने कोरलेली पाटी एकरंगी असते. तिथे कँटन आणि जमीन वेगळी कशी दाखवायची?

---

तांबट_आळी

सुलेखाताई, रेघांच्या खुणांनी. सिल्व्हेस्त्रो पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताच्या १६३८ च्या ग्रंथामुळे ही पद्धत रूढ झाली. सोनेरीला ठिपके. रुपेरी कोरी. तांबड्याला उभ्या रेघा, निळ्याला आडव्या. काळ्याला उभ्या-आडव्या जाळीदार. हिरव्याला तिरक्या, चित्रात डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली. जांभळ्याला उलट्या तिरक्या. ढाल कललेली काढली तर रेघाही तिच्याबरोबर कलतात.

रबरी शिक्क्यात दोन रेघांमध्ये निदान ०.६ मि.मी. मोकळं ठेवा, नाहीतर शाई भरून सगळंच काळं होतं. निळ्या जमिनीवर तांबडा कँटन असेल तर आडव्या आणि उभ्या रेघा थेट भिडवू नका. कँटनला दोन्ही उघड्या कडांनी जाड बाह्यरेषा द्या. वीस मिलिमीटरपेक्षा लहान ढाल असेल तर खुणा टाळा आणि नुसत्या बाह्यरेषा ठेवा.

भरतकामात अडचण वेगळी. भरलेल्या जमिनीवर कँटन पुन्हा भरला की तिथे कापड फुगतं आणि सुई तुटते. जमिनीच्या भरणीतून कँटनची जागा आधीच वगळा, फक्त कडेला साधारण ०.३ मि.मी. ची ओव्हरलॅप ठेवा, कारण टाके कापडाला आत ओढतात. कँटनचे टाके जमिनीच्या टाक्यांशी काटकोनात घ्या. रंग जवळचे असले तरी कड उठून दिसते. आणि कँटन जमिनीनंतर भरायला घ्या, आधी नको.